मुलांचं ऐकायलाही शिकावं लागतं

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी एक निकाल दिला. प्रकरण विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं होतं. त्या निमित्ताने न्यायालयाने देशभरातल्या शाळा, कॉलेजं, कोचिंग क्लास आणि वसतिगृहांसाठी सूचना घालून दिल्या आणि कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक राहतील असं सांगितलं. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा, आणि त्या व्यक्तीचं मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण झालेलं असलं पाहिजे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर बांधून घ्यायचं. शिवाय शिक्षक आणि शिक्षकेतर अशा सगळ्याच कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं. त्यात धोक्याच्या खुणा ओळखणं, मानसिक प्रथमोपचार, मूल स्वतःला इजा करत असेल तर काय करावं आणि पुढे कुणाकडे पाठवावं, एवढं सगळं आलं.

यातला ‘शिक्षकेतर’ हा उल्लेख मला फार मोलाचा वाटतो. मुंबईतल्या शाळेत शिक्षकेतर म्हणजे मावशी, शिपाई, गेटवरचे वॉचमन, ऑफिसातले क्लार्क. मधल्या सुट्टीत डबा न उघडता बाथरूमच्या कोपऱ्यात उभी राहणारी मुलगी आधी मावशींना दिसते, वर्गशिक्षिकेला नंतर. तरीही कार्यशाळेच्या दिवशी मावशी खुर्च्या मांडून निघून जातात, त्यांना कुणी ‘बसा’ म्हणत नाही.

मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि शाळांमध्ये असे प्रशिक्षणवर्ग घेते. तिथे हमखास येणारा प्रश्न असतो, ‘मुलांशी बोलायचंच तर आहे, त्याला ट्रेनिंग कशाला?’ त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यावं म्हणून हे लिहिते आहे.

आधी गरज किती मोठी आहे ते पाहू. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात १३ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी ७.३ टक्के मुलांमध्ये निदान करता येईल असा मानसिक विकार आढळला. ग्रामीण भागात हे प्रमाण ६.९ टक्के होतं, महानगरांमध्ये १३.५ टक्के. सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे हा आकडा मुंबईचा म्हणून सांगता येणार नाही. पण महानगरांचा अंदाज म्हणून तो धरला, तर पंचावन्न मुलांच्या वर्गात सात मुलं होतात. परीक्षेच्या आधीची धाकधूक किंवा मैत्रिणीशी अबोला यात मोजलेला नाही. उपचार किंवा किमान मदत तरी हवी अशी ही सात मुलं आहेत.

दुसरा आकडा अधिक दुखरा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत, आणि राज्यांमध्ये सगळ्यांत जास्त नोंद महाराष्ट्रात आहे. यातला प्रत्येक मृत्यू टाळता आला असता असं कुणी म्हणू शकणार नाही. पण ज्या घटनांबद्दल नंतर बोलणं होतं, त्यांत बहुतेक वेळा कुणीतरी म्हणतं, ‘दोन महिने जरा गप्पच होता.’ ते गप्प असणं दिसलं होतं. त्याचं पुढे काय करायचं हे मात्र पाहणाऱ्याला कुणी शिकवलं नव्हतं.

मुलं ‘मला नैराश्य आलंय’ असं सांगत नाहीत. त्यांचं पोट दुखतं. रविवारी दुपारपर्यंत ठीक असतं, संध्याकाळी दप्तर भरायला बसलं की दुखायला लागतं, सोमवारी सकाळी उलटी होते. आई डॉक्टरकडे नेते, सोनोग्राफी होते, काही निघत नाही, आणि घरात निष्कर्ष निघतो की नाटकं करतोय. पण पोट खरोखर दुखत असतं. मेंदू आणि आतडी यांचा मज्जातंतूंमार्फत सतत संवाद चालू असतो, भीती वाटली की आतड्यांची हालचाल आणि त्यांची संवेदना दोन्ही बदलतात. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे मूल खोटं बोलतंय असं नव्हे, कारण शोधायची जागा वेगळी आहे एवढाच त्याचा अर्थ.

मोठ्या माणसाचं नैराश्य उदास चेहऱ्याने ओळखू येतं. मुलांमध्ये, विशेषतः किशोरवयात, ते चिडचिडीच्या रूपात येऊ शकतं, आणि निदानाच्या निकषांमध्येही मुलांसाठी ही सूट दिलेली आहे. घरी मात्र त्याला उर्मट ठरवलं जातं. उलट उत्तरं देणं, दार आपटणं, लहान बहिणीवर हात उगारणं, हे सगळं तापासारखं असतं. ताप नुसता उतरवायचा नसतो, तो कशामुळे आला ते पाहायचं असतं.

वयाप्रमाणे खुणा बदलतात. शिशुवर्गातलं मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतं, आलेलं बोलणं मागे जातं, आईला चिकटून राहतं. प्राथमिक शाळेत डोकेदुखी, पोटदुखी, शाळेला नकार, वस्तू हरवणं, वहीत अर्धवट सोडलेली गणितं. आठवीनंतर झोपेचं वेळापत्रक उलटंपालटं होतं, मित्र सुटतात, आवडीचं क्रिकेट किंवा चित्रकला सुटते, हातावरच्या जखमा लपवायला उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे अंगात असतात. यातली एखादी खूण एकदा दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. मी शिक्षकांना चार गोष्टी पाहायला सांगते. हे आधीपेक्षा वेगळं आहे का? किती आठवडे चाललंय? घरी आणि शाळेत दोन्हीकडे होतंय का? आणि त्यामुळे मुलाचं रोजचं जगणं, म्हणजे झोप, जेवण, अभ्यास, खेळ, अडतंय का? अतिचंचलतेचं, म्हणजे एडीएचडीचं निदान करताना तज्ज्ञही हेच पाहतात. लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून असायला हवीत आणि एकाहून जास्त ठिकाणी दिसायला हवीत. फक्त गणिताच्या तासाला चुळबुळणारं मूल एडीएचडीचं नसतं, त्याला गणित येत नसतं किंवा गणिताच्या सरांची भीती वाटत असते.

माझा एक आग्रह असतो. कुठल्याही शाळेत समुपदेशकाकडे पाठवलेल्या मुलांची यादी पाहिली, तर तिच्यात दंगा करणारे मुलगे भरलेले असतात. वर्गाला त्रास देणारं मूल दिसतं, स्वतःला त्रास देणारं दिसत नाही. दुसऱ्या बाकावरची, नीटनेटक्या अक्षराची, कधीही हात वर न करणारी मुलगी त्या यादीत क्वचित असते. प्रशिक्षणात मी शिक्षकांना वर्गाच्या पटावरची सगळी नावं न पाहता लिहायला सांगते. जी नावं आठवत नाहीत, त्यांच्यापासून सुरुवात करायची.

मुंबईत या सगळ्यावर घराच्या आकाराची छाया पडलेली असते. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतात तेव्हा आईबाबांचं भांडण, बाबांचं पिणं, आजोबांचं आजारपण, यातलं काहीच मुलापासून लपत नाही आणि मुलाचंही काही लपत नाही. हेल्पलाइनला फोन करायचा तर कुठून करायचा? जिन्यात उभं राहून, किंवा खाली नळावर गर्दी नसेल तेव्हा. माझ्या ओळखीची एक समुपदेशक मुलांना पहिल्या भेटीतच विचारते, ‘तुला एकटं बसायला जागा कुठे आहे?’ या एका प्रश्नातून तिला घराबद्दल बरंच कळतं. आई-वडील दोघंही विरार-चर्चगेट किंवा कसारा-सीएसएमटी करणारे असतील, तर सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत मूल शाळा, ट्यूशन आणि शेजारच्या काकूंकडे असतं. म्हणजे त्याला दिवसाउजेडी पाहणारी मोठी माणसं बहुतेक परकी असतात. प्रशिक्षण आईवडिलांपुरतं ठेवून मुंबईत भागत नाही ते यामुळे.

भाषेचीही एक खास अडचण आहे. घरी मराठी, शाळा इंग्रजी, शेजारी हिंदी. मूल वाचनात मागे पडलं तर ते डिस्लेक्सियामुळे की इंग्रजी कानावरच पडलेलं नाही म्हणून, हे ओळखायला तपासणी मुलाच्या भाषेत व्हायला हवी. बुद्धिमापनासाठी व्ही. व्ही. कामतांनी बिने कसोटी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली, ती बिने-कामत चाचणी अजून वापरात आहे. वाचनदोष तपासायला डाली नावाचं साधन हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत तयार झालेलं आहे. मात्र ही साधनं हाताळायला मराठी नीट येणारी, प्रशिक्षित माणसं लागतात, आणि ती कमी आहेत. चाचणी इंग्रजीत घेऊन मराठी घरातल्या मुलाचा ‘आयक्यू कमी’ असा शिक्का मारलेले अहवाल मी पाहिले आहेत. तो शिक्का मुलाच्या अंगावर वर्षानुवर्षं राहतो, म्हणून याबाबतीत मी अजिबात नमतं घेत नाही.

आता माणसं कोण कोण असतात ते समजून घेऊ, कारण पालकांचा इथेच गोंधळ उडतो आणि पैसेही वाया जातात.

मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो आणि औषध तो लिहून देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, चाचण्या आणि मानसोपचार करतो, औषध देत नाही. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेत असावी लागते, परिषद १९९२च्या कायद्याने स्थापन झालेली आहे. शिकण्यात अडचण असलेल्या मुलांना शिकवणाऱ्या विशेष शिक्षकांची नोंदणीही तिथेच होते. नोंदणी क्रमांक विचारण्यात काहीही उद्धटपणा नाही. बालविकासतज्ज्ञ हा मुळात बालरोगतज्ज्ञ असतो. मूल उशिरा बोलतंय, नजरेला नजर देत नाही, स्वमग्नतेची शंका आहे, अशा वेळी तो लागतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट रोजच्या हालचालींवर आणि हातांच्या कामांवर, स्पीच थेरपिस्ट बोलण्यावर काम करतो.

समुपदेशकाच्या बाबतीत परिस्थिती गुंतागुंतीची आहे. कुणी मानसशास्त्रात एमए करून, दोन वर्षं देखरेखीखाली काम करून आलेलं असतं, कुणी शनिवार-रविवारचा छोटा कोर्स करून. दोघांच्याही दारावर पाटी तीच. २०२१च्या संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिक कायद्याने समुपदेशक आणि पुनर्वास परिषदेबाहेरचे मानसशास्त्रज्ञ राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आणले, ही चांगली गोष्ट झाली. तरी पालकांनी स्वतः तीन प्रश्न विचारावेत. तुमचं शिक्षण कुठलं? मुलांसोबत काम करायचं प्रशिक्षण कुणाच्या हाताखाली घेतलं? आणि अवघड केस आली की तुम्ही कुणाशी चर्चा करता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘मीच बघतो’ असं आलं तर मी तिथून मुलाला घेऊन निघेन.

मुंबईला हा विषय नवा नाही. सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क १९३६ मध्ये इथे सुरू झालं, आज त्याला आपण देवनारची टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणून ओळखतो. त्या शाळेने १९३७ मध्ये सुरू केलेलं बाल मार्गदर्शन केंद्र भारतातलं पहिलं मानलं जातं. समाजकार्याचे विद्यार्थी, मानसशास्त्रज्ञ आणि डॉक्टर एकाच मुलाबद्दल एकत्र बसून बोलतील, ही त्यामागची कल्पना. १९९६ मध्ये चाइल्डलाइनचा १०९८ हा मदतीचा क्रमांकही टिसच्याच एका प्रकल्पातून, मुंबईच्या रस्त्यांवरच्या आणि स्टेशनांवरच्या मुलांसाठी सुरू झाला. लोअर परळची उम्मीद ही संस्था २००१पासून मुलांच्या विकासातल्या अडचणींवर काम करते आणि इतर व्यावसायिकांना प्रशिक्षणही देते. म्हणजे शहरात शिकवणारे आहेत. शाळेपर्यंत ते पोचत नाहीत, अडचण ती आहे.

मग शिकवायचं काय? सगळ्यांना सगळं शिकवायला गेलं की कुणालाच काही येत नाही.

शिक्षक, मावशी, बसवरच्या ताई, ट्यूशनचे सर यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने मानसिक प्रथमोपचाराची तीन पावलं सांगितली आहेत. बघा, ऐका, योग्य मदतीशी जोडून द्या. निदान करायचं नाही, उपचार करायचे नाहीत. ऐकण्यात हे छोटं वाटतं, पण प्रत्यक्षात मधलं पाऊल सगळ्यांत कठीण जातं.

भांडुपच्या एका शाळेच्या हॉलमध्ये घेतलेला वर्ग सांगते. शिक्षकांच्या जोड्या केल्या. एकाने सातवीतला मुलगा व्हायचं आणि एकच वाक्य बोलायचं, ‘बाई, मला उद्यापासून शाळेत यायचं नाही.’ दुसऱ्याने शिक्षक म्हणून उत्तर द्यायचं. हॉलभर आवाज उठले. ‘अरे असं कसं चालेल?’ ‘कुणी मारलं का तुला?’ ‘का नाही यायचं?’ ‘बाबांना फोन लावू का?’ ‘तू किती हुशार आहेस!’ अर्ध्या मिनिटात सगळ्यांचं बोलून झालं. दुसऱ्या फेरीत नियम बदलला. पहिली दोन मिनिटं सल्ला द्यायचा नाही, ‘का’ने सुरू होणारा प्रश्न विचारायचा नाही, आणि मूल थांबलं तर आपणही थांबायचं. आता हॉलमध्ये शांतता वाढली. काही जण अस्वस्थ होऊन माझ्याकडे बघायला लागले. मुलाची भूमिका करणाऱ्या गणिताच्या एका बाईंनी नंतर सांगितलं, ‘पहिल्या वेळी मला मनात ठरवलेलं सांगायची संधीच मिळाली नाही. दुसऱ्या वेळी मी न ठरवलेलंही बोलून गेले.’

‘का’ हा प्रश्न मुलाला आरोपासारखा ऐकू येतो. ‘अभ्यास का नाही केला’, ‘उशीर का झाला’, असाच तो त्याने जन्मभर ऐकलेला असतो. त्याऐवजी ‘काय झालं’, ‘कधीपासून’, ‘तेव्हा कोण होतं’ असं विचारलं की मूल सांगू लागतं. ही सवय व्याख्यान ऐकून लागत नाही, ती करून करून लागते. स्लाइड्स दाखवून संपवलेल्या शिबिराने प्रमाणपत्र मिळतं, सवय मिळत नाही.

सरकारी पातळीवरही शिक्षकांवर भर आहे. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात, २०२०पासून, प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षित करायचे असं ठरलं. त्यांनी घ्यायच्या अकरा विषयांमध्ये भावनिक आणि मानसिक आरोग्य हा एक आहे. कल्पना चांगली आहे, पण सगळं ओझं शिक्षकांवर टाकलं तर काय होतं याचा एक नीट केलेला अभ्यास आपल्याच देशात झाला आहे. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात सत्तरहून अधिक सरकारी माध्यमिक शाळांमध्ये ‘सेहेर’ नावाचा उपक्रम राबवला गेला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये आले. काही शाळांत त्याच कामासाठी नेमलेला, तज्ज्ञ नसलेला पण प्रशिक्षण दिलेला समुपदेशक होता, काही शाळांत तेच काम शिक्षकाने करायचं होतं. परिपाठात चर्चा, भित्तिपत्रक, मुलांनी नाव न घालता चिठ्ठी टाकायची पेटी, गरज पडली तर एकेकट्याशी बोलणं, असं साधं स्वरूप. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, मुलांमधलं नैराश्य, दादागिरी आणि मारहाण कमी झाली. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत असा फरक दिसला नाही.

यावरून शिक्षक कमी पडले असा अर्थ काढणं अन्यायाचं होईल. ज्यांच्याकडे आधीच पोर्शन, पेपर तपासणी, निवडणुकीची ड्युटी आणि ऑनलाइन माहिती भरणं आहे, त्यांच्या अंगावर आणखी एक पूर्ण काम चढवून ते होत नाही. शिवाय जी व्यक्ती मार्क देते, रागावते, घरी चिठ्ठी पाठवते, तिच्यापुढे मन मोकळं करायला मूल कचरतं. शिक्षकाने बघावं, ऐकावं आणि पुढे द्यावं. पुढे घेणारं माणूस वेगळं, आणि त्याच कामासाठी असलेलं हवं.

त्या ‘पुढच्या’ माणसाच्या प्रशिक्षणात पुस्तकी भाग असतोच, बालविकास, विकारांची ओळख, मानसोपचाराच्या पद्धती. पण मला तीन गोष्टी निर्णायक वाटतात.

पहिली, गोपनीयता. मुलाने सांगितलेलं आईला सांगायचं का, मुख्याध्यापकांना सांगायचं का? सर्वसाधारणपणे नाही, पण काही मर्यादा आहेत आणि त्या मुलाला पहिल्याच भेटीत, त्याला कळेल अशा शब्दांत सांगायच्या असतात. ‘तुझ्या जिवाला धोका असेल, तू दुसऱ्याला इजा करणार असशील, किंवा कुणी तुला नको तिथे हात लावला असेल, तर मला ते पुढे सांगावं लागेल. सांगण्याआधी मी तुझ्याशी बोलेन.’ लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर पर्याय नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती कळलेल्या प्रत्येक व्यक्तीने ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना द्यायची आहे. न देणं हा गुन्हा आहे. ‘शाळेचं नाव खराब होईल’ हे कारण कायद्याला मान्य नाही. तरीही असं मूल समोर बसलेलं असताना बाईंच्या हातापायांना कंप सुटतो, शब्द सुचत नाहीत, आणि त्या एकच गोष्ट मुलाला चार वेळा सांगायला लावतात. म्हणून याची तालीम आधी करून ठेवायची असते. ऐकायचं, विश्वास ठेवायचा, चौकशी करत बसायचं नाही, मुलाच्याच शब्दांत लिहून ठेवायचं.

दुसरी, आत्महत्येबद्दल विचारण्याचं धैर्य. सरळ विचारलं तर मुलाच्या डोक्यात तो विचार आपणच घालू, ही भीती जवळजवळ प्रत्येक वर्गात व्यक्त होते. संशोधन असं सांगतं की विचारल्याने धोका वाढत नाही. ‘जगावंसं वाटत नाही असं कधी मनात येतं का?’ हे शांतपणे विचारता येतं, आणि बऱ्याच मुलांना कुणीतरी विचारलं याचाच दिलासा वाटतो. उत्तर ‘हो’ आलं, तर मुलाला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी पालकांना बोलवायचं आणि मनोविकारतज्ज्ञांपर्यंत न्यायचं. पालक पोलीस केसला घाबरून गोष्ट दडपतात. त्यांना सांगायला हवं की २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं, तिला शिक्षेऐवजी मदत मिळायला हवी अशी कायद्याची भूमिका आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यांत जास्त दुर्लक्षित आहे आणि माझ्या मते तिच्याशिवाय बाकीचं टिकत नाही. ती म्हणजे देखरेख, ज्याला या क्षेत्रात सगळे सुपरव्हिजनच म्हणतात. दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला अनुभवी व्यक्तीसमोर बसून आपल्या केसेसबद्दल बोलायचं. मी काय केलं, कुठे अडले, मला त्या मुलाचा राग का आला, तो गेल्यावर मला झोप का लागली नाही. मुंबईतल्या शाळेतली समुपदेशक बहुतेक वेळा एकटी असते. हजार-दीड हजार मुलांमागे ती एक, बसायला लॅबशेजारची खोली, तिथेही कपाटातून फाइल काढायला कुणी ना कुणी येतं. शिक्षक रजेवर असला की तिला ऑफ तासाला पाठवतात, वार्षिक संमेलनात निवेदन करायला लावतात. या सगळ्यात दिवसाला तीन-चार मुलांचं दुःख ती ऐकते आणि शाळेत कुणालाही ते सांगू शकत नाही, कारण गोपनीयता. दोन वर्षांत तिचं मन निबर होतं किंवा ती नोकरी सोडते. मानखुर्दच्या बालगृहासारख्या ठिकाणी काम करणाऱ्यांचं ओझं तर याहून कितीतरी जड. मुलांची काळजी घेणाऱ्याची काळजी घेणं ही चैन नाही, तो प्रशिक्षणाचाच भाग आहे, आणि शाळेने त्याचे पैसे दिले पाहिजेत. निम्हान्सच्या संवाद उपक्रमातून संकटातल्या मुलांसोबत काम करणाऱ्यांसाठी प्रशिक्षण मिळतं, तशा ठिकाणी जायला समुपदेशकाला ऑन-ड्युटी रजा मिळावी, एवढं तरी व्यवस्थापनाला सहज करता येईल.

मदत आज हवी असेल तर मुंबईत दारं आहेत. केईएम, सायन, नायर आणि जेजे रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. केसपेपर काढून ओपीडीत जाता येतं, आणि खाजगीच्या तुलनेत खर्च अगदी कमी येतो. परळच्या वाडिया रुग्णालयात मुलांच्या विकासाच्या अडचणींसाठी सोय आहे. अध्ययन अक्षमतेची, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणींची, तपासणी आणि प्रमाणपत्रही सायन, नायर, केईएम यांसारख्या सार्वजनिक रुग्णालयांतून मिळतं. दहावी-बारावीला जास्तीचा वेळ, लेखनिक वगैरे सवलती त्यावर मिळतात, म्हणून दहावीच्या जानेवारीत धावाधाव करण्यापेक्षा तिसरी-चौथीतच तपासून घ्यावं. रांग लांब असते, तारखा पुढच्या मिळतात, शाळेकडून पत्र आणि मुलाच्या वह्या सोबत न्याव्या लागतात. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. मूल संकटात असेल, घरातच त्याला धोका असेल तर १०९८. दोन्ही क्रमांक मुलाला पाठ असू द्यावेत, फोनमध्ये सेव्ह करून भागत नाही, कारण फोन बहुतेकदा आईबाबांचा असतो.

शाळेच्या बाबतीत पालकांना वाटतं त्यापेक्षा जास्त अधिकार त्यांच्याकडे आहेत. पालक-शिक्षक संघाची स्थापना शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यावर तीस दिवसांत व्हायची असते, आणि अनुदानित व महापालिकेच्या शाळांमधल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. पहिल्याच बैठकीत विषयपत्रिकेवर हा विषय घ्यायला सांगता येतो. समुपदेशक पूर्णवेळ आहे का, तिचं शिक्षण काय, मुलांशी बोलायला तिला दार बंद होणारी खोली आहे का, तिचं सुपरव्हिजन कोण करतं, या वर्षातली दोन प्रशिक्षणं कधी होणार आणि त्यांत कोण कोण बसणार, हे विचारा. उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या आणि दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या बैठकीत त्यांचं काय झालं ते पुन्हा विचारा.